चिकलठाण्याच्या प्रेसवरील ताकीद व चूक यांचा संग्राम

श्रीमुखनाम संवत्सरे, शके एकोणीसशे पंधरा, कार्तिक मासी औरंगाबाद प्रांती, चिकलठाण्याचे वसाहतीत जो प्रसंग गुजरला, तो पदरचे तिखटमीठ न घालता लिहिला असे.

पत्रा दाबणारी प्रेस यंत्रे बनविणारा कारखाना, त्याचे मालक राजश्री साहेबराव. त्यांचे पदरी वच्छलाबाई साळवे, राहणार गारखेडा, संगणकविद्येत निपुण. नामांतराचे मोर्चात लाठी खाऊन दुसरे दिवशी परीक्षेस बसलेल्या. बाईंनी प्रेसला हुकूम देणेस सोपी मराठी भाषा रचिली, आणि ते हुकूम यंत्रास समजावणारा दुभाषी सिद्ध केला, ज्यास कंपायलर म्हणतात. लिखाणात गैर दिसता दुभाषी एक तर ताकीद देऊन काम पुढे जाऊ देई, नाही तर चूक म्हणून रोखी. साहेबरावांचे फर्मान ऐसे, की यंत्र अडू नये. सबब एक्केचाळीस प्रकारचे गैर, सारेच ताकिदीत घालावे.

मग एके रोजी कारागीर सखाराम यांचे लिखाणात, हात आत जाऊ नये म्हणून लावायची जाळी लागली की नाही, हे तपासण्याचा हुकूम राहिला, आणि दुभाष्याने ताकीद दिली, आणि ती बाकी ताकिदींचे गर्दीत कोणी वाचिली नाही, आणि प्रेस खाली आली. हातमोजा पापड जाहला. हात दैवे बचावला.

बाईंची झोप उडाली. मग त्यांनी संतापाचे भरात एक्केचाळीसही चुका ठरविल्या, आणि दुसरे दिवशी तमाम कारखाना ठप्प जाहला. खासे सखाराम चालून आले.

"बाई, मोजा माझा गेला, पन एक ठिपका राह्यला म्हनून मशीन अडवता व्हय?"

"मग कशावर अडवू? तुम्हीच सांगा," बाई वदल्या.

आणि उभयतां चहा मागवून यादीस बसले, आणि दोन प्रहर मसलत होऊन ठरले, की जेथे बोट जाईल त्या तीन चुका, बाकी अडतीस ताकिदी.

साहेबरावांस तीनही जड वाटल्या. पुण्याचे खरेदीदार येणार, त्यांसमोर यंत्र अडता अब्रू जाईल. सबब तिन्हींच्या ताकिदी कराव्या, ना तरी राजीनामा द्यावा, ऐसा हुकूम सुटला.

बाई म्हणाल्या, "साहेब, नामांतराच्या ठरावासारखा ठराव नुसता कागदावर राहिला की काय होतं, ते आम्ही पंधरा वर्षं बघतोय. राजीनामा घ्या, पण हे बदलणार नाही."

दुसरी बाई मिळेतो थांबण्यास साहेबरावांस सवड नव्हती, सबब बाई व तीन चुका जागचे जागी राहिल्या. खरेदीदार दाखल जाहले, आणि साहेबरावांनी आपले हाते हुकूम लिहून दुभाष्याचे स्वाधीन केले, आणि पत्रा तिरका दिसला म्हणून उजवा हात प्रेसचे जबड्यात घातला. यंत्र हलले नाही. पडद्यावर अक्षरे उमटली: चूक, जाळी तपासली नाही.

साहेबराव तेथूनच गरजले, की यंत्र का अडले, बाईंस बोलवा.

सखाराम शांतपणे म्हणाले, "साहेब, आधी हात काढा. मंग वरडा."

साहेबरावांनी हात पाहिला, वरचे पोलाद पाहिले, आणि हात अलगद बाहेर काढिला. खरेदीदारांनी परस्परांकडे पाहून फर्माविले, की यंत्रे घेऊ, परंतु अडणारीच द्यावी.

येणेप्रमाणे तीन चुकांचा अंमल कायम जाहला, राजीनाम्याची गोष्ट बुडाली, वच्छलाबाईंची फत्ते जाहली. हुकूमनाम्यावर साहेबरावांनी उजव्या हाते सही केली, हे विशेष लिहिणे.