फळीवाल्यांना मज्जाव

मुकादमचाचांकडे स्नोबोर्ड मागणं म्हणजे शाकाहारी घरात जाऊन सुरमई मागणं. मिळत तर नाहीच, वर चार शब्द ऐकावे लागतात.

आमच्या दुबईतल्या एका मॉलच्या पोटात बर्फाची भलीमोठी घसरगुंडी आहे. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत उणे दोन. मी तिथे तिकीट खिडकीवर बसते आणि शेजारच्या काउंटरवर मुकादमचाचा गिऱ्हाइकांना बूट, स्की आणि बोर्ड देतात. निदान कागदोपत्री तरी बोर्ड देतात. प्रत्यक्षात कुणी बोर्ड मागितला, की चाचा त्याच्या पायांकडे दयेनं बघतात आणि विचारतात, "अल्लाने पाय किती दिले? टू. मग फळी वन कशाला?"

बोर्डाला ते फळीच म्हणतात आणि ती वापरणाऱ्यांना फळीवाले. फळी मासे कापायला, त्यावर माणूस उभा करायचा नाही, हे त्यांचं ठाम मत. त्यातून फळीवाले पट्टे बांधायला उताराच्या मधोमध फतकल मारून बसतात. चाचा म्हणतात, आमच्या श्रीवर्धनला गायी बसतात रस्त्यात, पण त्या तिकीट काढून बसत नाहीत.

या नोकरीच्या अकरा वर्षांत चाचा स्वतः मात्र एकदाही बर्फावर गेले नव्हते. मी एकदा डिवचलं, तर शांतपणे म्हणाले, "ताई, देऱ्याच्या सोनेबाजारातला सोनार काय स्वतः नथ घालून बसतो?"

दर आठवड्याला ते सूचनापेटीत एक चिठ्ठी टाकत. मागणी एकच, घसरगुंडी फक्त स्कीवाल्यांसाठी ठेवावी. मजकूर त्यांचा, इंग्रजी माझं. कोर्टात दावा लावल्यासारखं ते सांगत आणि मी जरा मवाळ करून लिहीत असे. मग वाचून दाखव म्हणत आणि विचारत, "यात माझा राग कुठाय?" एकदा तर त्या रागासाठी मला लाल पेन आणून दिलं.

आधीच्या मॅनेजरांनी त्या चिठ्ठ्यांचं काय केलं देव जाणे. नवीन आलेल्या मॅनेजरने त्या वाचल्या. नवीन माणसाला काहीतरी करून दाखवायचं असतंच. दोन तासांची मीटिंग झाली, पडद्यावर आलेख झळकले, स्की आणि बोर्ड असे दोन तट पडून कडाक्याची वादावादी झाली. आमच्यापैकी एकालाही बर्फावर चार पावलं धड टाकता येत नव्हती, पण मतं सगळ्यांची पक्की होती. शेवटी ठरलं की प्रयोग म्हणून दर मंगळवारी फक्त स्की. बोर्डच काय, बोर्डाचे बूटही आत जाणार नाहीत. चाचांनी अख्ख्या स्टाफला खजूर वाटले.

त्याच महिन्यात त्यांची बायको, रुकय्याभाभी, व्हिजिट व्हिसावर आली. लग्नाला बत्तीस वर्षं झालेली, त्यातली अठ्ठावीस चाचा इथे. देऱ्यात सहाजणांच्या खोलीत एक खाट त्यांच्या वाट्याची, तिथे बायकोला कुठे आणणार? या वेळी पुतण्याचा शारजातला फ्लॅट महिनाभर रिकामा होता, म्हणून जमलं. भाभींनी सोनं मागितलं नाही, उंच बिल्डिंगी बघायच्या म्हटलं नाही. फोनवर इतकी वर्षं ज्याच्या गोष्टी ऐकल्या, त्या बर्फावर एकदा उभं राहायचंय, एवढंच म्हणाल्या. स्टाफच्या घरच्यांचा पास त्या त्या माणसाच्या सुट्टीच्या दिवशीच चाले, आणि चाचांची सुट्टी मंगळवारी. पहिले तीन मंगळवार भाभींनी पुतण्याचं स्वयंपाकघर घासण्यात घालवले. चौथ्याला आल्या. शुक्रवारी त्यांचं विमान होतं.

चाचा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी भाभींना बाकावर बसवलं आणि काही न विचारता अडतीस नंबरचे स्कीचे बूट काढले. ते बूट प्लास्टिकचे, डब्यासारखे कडक. पाय आत जाईना. एकोणचाळीस आणला, चाळीस आणला. भाभींचे पाय सुजलेले, अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलेलं. त्या ओठ दाबून जोर लावत होत्या आणि म्हणत होत्या, राहू दे, काचेतून बघते.

चाचा उठले. बराच वेळ मांडणीसमोर उभे राहिले. मग बोर्डाच्या खणातून एकेचाळीस नंबरचे मऊ, लेसवाले बूट घेऊन आले. तेवढे बसले.

दारावरच्या नेपाळी गार्डने अडवलं. आज मंगळवार आहे, हे बूट चालणार नाहीत, आणि नियम तुमचाच आहे, असं त्यानं अगदी अदबीनं सांगितलं.

"हबीबी, नियम खलास," चाचा म्हणाले. "बायको आलीय."

काचेतून मला दोघं दिसत होती. भाभी सावकाश पाऊल टाकत होत्या. साध्या बुटातले चाचाच आधी आपटले आणि भाभींनी त्यांना हात देऊन उठवलं. मग भाभींनी बर्फ उचलून वास घेतला. बहुधा पसंत पडला असावा, कारण चिमूटभर तोंडातही टाकला.

परत आल्यावर चाचा त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून लेस सोडू लागले.

"तुझा नंबर अडतीस होता ना?"

"होता की. लग्नात."

चाचांचे हात थांबले. "मग मी इथून दर वेळी पाठवतो त्या चपला?"

"जावेच्या पोरीला बसतात."

"आणि मला फोनवर सांगायचीस, बरोबर बसल्या म्हणून?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं विचारायचात," भाभी म्हणाल्या. "काय सांगणार?"

रोज दोनशे परक्या पायांना बूट चढवणारा हा माणूस. त्या क्षणी मला त्यांची इतकी कीव आली, की यापुढे त्यांना कधीच चिडवायचं नाही असं मी ठरवलं.

चाचांनी दुसरा बूट काढला, पण पाय खाली ठेवला नाही. ते वाढलेलं हाड अंगठ्यानं हळूहळू चोळत बसले. त्यांच्या जागी आलेला बदलीचा पोरगा जेवायला गेला होता आणि काउंटरवर गिऱ्हाईकं खोळंबली होती. मी उठले आणि त्यांना बूट देऊ लागले.