करीच्या दिवशीचा डोंगर

उकंडभाऊ जोडा पायात कमी आणि काखेत जास्त वापरत. चिखल आला, काटे आले, चढण लागली की जोडा निघालाच. कारण विचारलं तर म्हणत, "जोडा फाटला तर चांभार लागते. पाय फाटला तर आपल्या आपण शिवते."

तिकडे अमेरिकेत कुठेशी लढाई पेटली आणि इकडे अकोटात आमची दिवाळी झाली, तेव्हाची ही गोष्ट. विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून सगळे आमच्या वऱ्हाडाकडे धावले. ज्यांच्या घरी कालपर्यंत पितळेचा तांब्या नव्हता, त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. एकाने तर घड्याळ घेतलं. ते घरात कोणालाच वाचता येईना, म्हणून हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात ठेवलं. मी तेव्हा एका शेठजींच्या कापसाच्या वखारीत तराजूवर होतो आणि उकंडभाऊ तिथले पारखी होते.

पारखी म्हणजे असा की बोलायची सोय नाही. चिमूटभर रुई बोटांत ओढायची, डोळे मिटायचे आणि कापूस कुठल्या गावचा ते सांगायचं. एकदा एका शेतकऱ्याला त्यांनी भर बाजारात सांगितलं की खालचा कापूस तुझा आहे, वरचा तुझ्या सासऱ्याच्या शेतातला दिसतो. तो माणूस पुन्हा आमच्या वखारीकडे फिरकला नाही.

गाडीत ते कधी बसत नसत. अकोल्याला जायचं तरी पायी. अकोला किती लांब म्हणून कोणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "पायाले इचारा." पुढे पुढे हे उत्तर कशालाही येऊ लागलं. भाव चढेल का? पायाले इचारा. पाऊस येईल का? पायाले इचारा. शेठजींनी एकदा चिडून विचारलं की तुमचं डोकं काय करतं, तर म्हणाले, ते पागोटं सांभाळते.

वर्षातला एक दिवस मात्र हा माणूस कोणाचा नसे. संक्रांतीचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी शहाणा माणूस गावाची वेस ओलांडत नाही, बायका वेचणीला जात नाहीत, बाजार बंद. उकंडभाऊ नेमके त्याच दिवशी पहाटे जोडा काखेत मारून एकटे नरनाळ्याकडच्या डोंगरात जात आणि दिवे लागल्यावर परत येत. सोबत येतो म्हटलं की अंगावर येत. वाट सोडून चालणारा माणूस म्हणून लोक हसायचे. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू?

एका वर्षी करीच्या दिवशीच कापूस घ्यायला साहेब येऊन थडकला. साहेबाला कर कुठली ठाऊक असणार? शेठजींची धावपळ उडाली आणि उकंडभाऊंना धरून आणायला मला पिटाळलं. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेलेला. काळ्या मातीचा चिखल असा की पावलागणिक पायाला एकेक जातं बांधल्यासारखं वाटे. पण त्याच चिखलात उकंडभाऊंची अनवाणी पावलं ओळीने उमटली होती. मी आपला माग काढत निघालो.

डोंगरावर वाट संपली. झऱ्याकाठी पाणथळ लागली, तिथे मी गुडघाभर रुतलो आणि माझे नवे जोडे तिथेच राहिले. जोडा काखेत का मारायचा ते तेव्हा कळलं. वर सावलीतल्या गवतावर पांढरं पांढरं दिसलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "इथं कापूस कोणी सांडला?" उचलायला गेलो तर बोटं बधिर झाली आणि हाती नुसतं पाणी आलं. गोठलेलं दहिवर मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. वखारीत राहिलेल्या माणसाला सगळीकडे कापूसच दिसतो.

कड्याच्या टोकाला उकंडभाऊ बसले होते. मला पाहून चेहरा असा झाला की मीच चोरी करताना सापडलो की काय, असं वाटलं.

"कावून आला?"

मी साहेबाचं सांगितलं. त्यांनी ऐकलंच नाही. त्यांची नजर खाली पायथ्याच्या खैरी गावावर होती. आणि मला एकदम आठवलं, खैरी म्हणजे त्यांच्या सखूचं सासर.

सखू त्यांची एकुलती एक. तिची आई लहानपणीच गेली, यांनीच वाढवली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सासू माहेरी पाठवीत नव्हती. तिथं माय नाही तर कोणाकडे धाडायचं, म्हणायची.

"एकडाव गेलतो," ते म्हणाले. "पोरीनं पाण्याचा गडू पुढं ठेवला. म्या हात नाई लावला. दोन दिवस जेवली नाई थे. तवापासून शिवेत पाय नाई टाकला. आज कर हाय, वेचणी नाई. आज थे घरी असते. आंगणात दिसते."

खाली एका अंगणात हिरवं लुगडं हललं. एवढ्या लांबून ती सखूच, हे त्यांना कसं कळलं, ते मी विचारलं नाही. मला रडू आलं, आणि इतकी वर्षं हसलो याची लाज वाटली.

माझा घसा सुकला होता. खाली जाऊन पाणी पिऊन येतो म्हणालो. ते म्हणाले, जा, पण माझं नाव काढू नको.

सखूने मला पाणी दिलं. माझ्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं, मग डोंगराकडे पाहिलं. कोण, कुठला, काही विचारलं नाही. आत गेली आणि ताकाने काठोकाठ भरलेला गडू आणून माझ्या हातात दिला. म्हणाली, "वर नेजा. सांडू नोका."

मी तो जपून वर आणला आणि वाटेतल्या गवळ्याकडचं ताक आहे म्हणून सांगितलं. मला खोटं नीट बोलता येत नाही. उकंडभाऊंनी गडू दोन्ही हातांत धरला. बराच वेळ नुसता धरला. इतकी पाळलेली रीत, मला वाटलं आता परत देतात. मग त्यांनी तो तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत खाली ठेवला नाही.

मिशा पुसून पुन्हा त्या अंगणाकडे पाहत म्हणाले, "मीठ टाकाले अजूनई विसरते पोरगी."