भागाआजीचा पुतळा आणि काटेरावाचा झिरा

बाळांनो, गडबड न करता बसा. ही पुतळ्याची गोष्ट आहे, आणि पुतळ्यासमोर गडबड केलेली मोठ्या माणसांना चालत नाही. त्यांनी स्वतः केलेली चालते.

एका जंगलात एक नदी होती. पावसाळ्यात तिला पाणी असे, उन्हाळ्यात नुसती वाळू. एका काठावर हरणपूर, दुसऱ्या काठावर ससेवाडी. दोन्ही गावं जगत होती ती भागाआजी नावाच्या हत्तिणीच्या जिवावर. चैत्र लागला की आजी नदीच्या मधोमध वाळू उकरून झिरा करी. त्या खड्ड्यात हळूहळू पाणी पाझरे आणि सगळं जंगल ते पिई. आजीच्या हाताखाली काटेराव साळिंदर राबे. सोंड पोचणार नाही तिथली वाळू काढणं हे त्याचं काम.

एका पौषात आजी वारली. काटेराव ढसाढसा रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "यंदा झिरा मी उकरतो. चार जणांची मदत मिळाली तर बरं होईल."

पण जंगलाला त्याहून मोठं काहीतरी करायचं होतं. शेजारच्या जंगलात नुकताच एका गव्याचा पुतळा झाला होता, सागाच्या झाडाएवढा.

"आपला दोन सागांएवढा झाला पाहिजे," सिंहमहाराज म्हणाले.

जागेवरून दोन्ही गावांत जुंपली. हरणपूरला पुतळा आपल्या काठावर हवा, ससेवाडीला आपल्या. शेवटी दिवाण कोल्होबांनी तोडगा काढला. नदीच्या मधोमध, आजी उकरायची बरोब्बर त्याच जागी पुतळा उभारायचा. सगळ्यांना तो पटला. चौथऱ्यासाठी वाळू नदीतलीच उपसली. पुतळ्याचं तोंड ससेवाडीकडे आलं. हरणपूरच्या वाट्याला शेपूट आलं, म्हणून त्यांना वाहनतळ देऊन गप्प केलं.

पुतळ्यातल्या आजीची मान ताठ होती आणि सोंड आभाळात. काटेराव बघतच राहिला. आजीनं मान वर केलेली त्यानं जन्मात पाहिली नव्हती. तिला उसंतच नसायची.

चैत्र आला. घशाला कोरड पडली. काटेरावाची बायको दोन पिल्लांना घेऊन बिळाच्या तोंडाशी बसून राही. पिल्लांची रडायचीही ताकद गेली होती.

काटेराव दिवाणांकडे गेला. "दिवाणजी, पाण्याचं काय?"

"सोंडेतून कारंजं ठेवलंय की."

"ते बंद आहे."

"पाहुणे आले की चालू करतो. पाणी शेजारच्या जंगलातून आणावं लागतं, बाबा. रोज रोज कोण आणणार?"

काटेराव घरी गेलाच नाही. भर दुपारी, सगळ्यांदेखत, तो चौथऱ्याच्या पायथ्याशी वाळू उकरू लागला. पाझर तिथंच होता, त्याला तो काय करणार? नखं रक्ताळली. उन्हं कलता कलता तळाशी ओल दिसली, मग पाणी आलं. आधी त्यानं पिल्लांना पाजलं. मग हरणं आली, ससे आले, दिवाणही आले. सगळे पोटभर प्याले.

तेवढ्यात पुतळा बोटभर कलला.

तिथल्या तिथं सभा भरली. दिवाण कडाडले, "जिथं आजींनी आपल्या पावन पायांनी उकरलं, तिथं उकरणारा हा कोण?"

"मी तिच्याबरोबरच उकरत होतो," काटेराव म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय ना?"

ससे खाली बघू लागले. एक म्हातारं हरीण म्हणालं, "पाहिलंय रे. पण आमच्या भावना दुखावल्या, त्याचं काय?"

महाराजांनी हद्दपारीचा ठराव मांडला. ओली तोंडं पुसत सगळ्यांनी पाय वर केले. काटेराव बायकोपिल्लांना पुढं घालून निघून गेला. झिरा दगडगोट्यांनी बुजवला आणि वर छान फरशी बसवली.

आठवड्यानं पुन्हा घसे सुकले. सगळे महाराजांकडे गेले.

"मागणी रास्त आहे," महाराज म्हणाले. "निवेदन लिहा आणि आजींच्या पायाशी ठेवा."

त्यांनी ठेवलं. वर हारही घातला. निवेदनांचा ढीग आता आजीच्या गुडघ्यापर्यंत आला आहे.

तात्पर्य: पाणी देणाऱ्याचा पुतळा जरूर उभारावा. मात्र पाणी देणारा दुसरा कुणी जंगलात शिल्लक नाही, याची आधी खात्री करून घ्यावी. तहान काय, सोसता येते. पुतळा कललेला बघवत नाही.