साठ घरांचा होकार

सरांनी साठच्या साठ फॉर्म परत पुढ्यात ठेवले तेव्हा जागृतीला वाटलं, कुठेतरी सही राहिली असेल. सरांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या गावात माणसंच राहतात ना?"

"हो सर."

"मग यातला एकही जण 'नाही' का म्हणत नाही?"

जागृतीचं एम.ए.चं दुसरं वर्ष होतं. अर्थशास्त्र तिला मनापासून आवडायचं, समाजोपयोगी उद्योगांवरची पुस्तकं ती जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचायची, आणि उन्हावर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूविषयी तिला ममता होती. या तिन्ही आवडी तिनं एकाच प्रबंधात बसवल्या होत्या. गावातल्या बायकांच्या बचत गटानं सौर कंदील घ्यायचे, दिवसभर देवळाच्या गच्चीवर उन्हात ठेवायचे आणि संध्याकाळी घरोघर भाड्यानं द्यायचे. दोन हजार सहा साल होतं. वीज रोज सातला जायची ती दहाला यायची, त्यामुळे कंदील कोणाला नको असण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न फक्त भाड्याचा होता. रोजचे तीन रुपये, पाच, आठ, बारा की वीस?

किंमत चढली की मागणी उतरते, हे बारावीचं पोरही सांगेल. जागृतीच्या आलेखात मात्र रेघ विजेच्या खांबासारखी ताठ उभी होती. तीन रुपयांना साठ घरं तयार होती आणि वीस रुपयांनाही साठच.

"सोमवारी शेवटची तारीख आहे," सर म्हणाले. "मला थोडे खरेखुरे नकार आणा. नाहीतर हा प्रबंध पुढच्या वर्षी बघू."

राजोडीच्या वाटेवर रिक्षातून घरी येताना जागृतीनं एकेक घर आठवून पाहिलं आणि चूक कुठे झाली ते तिला कळलं. चूक तिच्यासोबत दारोदार हिंडली होती. "पोर एकटी वही घेऊन कुठं फिरनार," असं म्हणून बाबा निघाले होते, धुतलेला शर्ट घालून. बाबांचं नाव श्रीपतभाऊ, म्हणजे गावातल्या निम्म्या लग्नांच्या बैठकीत मधे बसलेला आणि निम्म्या लोकांचे सातबारे तलाठ्याकडून काढून आणलेला माणूस. ते दारात आले की घरातली बाई चहा टाकायची, बाप्या खुर्ची आणायचा आणि 'नाही' हा शब्द मागच्या दारानं वाडीत निघून जायचा.

शुक्रवारी ती एकटी निघाली. पहिलं घर भागूबाईचं. भागूबाई वाडीतली भाजी पाटीत भरून बाजारात नेऊन विकायची, आणि तिच्याशी घासाघीस करून जिंकलेलं गिऱ्हाईक अजून कोणी पाहिलं नव्हतं.

"भागूमावशी, रोज वीस रुपये भाडं परवडेल तुला?"

"कुठून परवडनार? खुळी काय तू?"

जागृतीला फार बरं वाटलं. "मग 'नाही' लिहू?"

भागूबाई सावध झाली. "लिहिनार? कागदावर?"

"हो."

"मंग होय लिही. लिहिलेलं तुझा बाप वाचनार. माझ्या नातवाला शाळेत कोनी घातला? त्याच्या पोरीला मी नाय बोलू?"

"मावशी, तू नाही म्हणालीस तरच मी पास होईन."

"असं कुठं असते? मला भाजी विकता विकता साठ वर्सं झाली. गिऱ्हाईक नाय बोलला आनि विकनारा पास झाला, असं मी एकदा पन बघितलं नाय."

जागृतीनं वही मिटली आणि पुढचं घर गाठलं. शुक्रवारभर ती चौदा घरं फिरली. चौदा ठिकाणी तिनं चहा घेतला आणि चौदा होकार पुन्हा पक्के झाले.

शनिवारी मात्र युजीन अंकल भेटले. त्यांची पानवेलीची वाडी होती आणि ते बाबांसोबत पहिलीपासून एका बाकावर बसलेले, म्हणून भिडेचा प्रश्न कमी होता.

"ट्वेंटी रुपीज?" युजीन अंकल म्हणाले. "रोजचे? त्यात मी कंदील लावू की विकत घेऊ? बारा पन नको. आठला बघू."

जागृतीनं बारासमोर आणि वीससमोर 'नाही' लिहिलं. अक्षर इतकं सुंदर आलं की जाताना वाटेत तिनं तो फॉर्म दोनदा उघडून पाहिला.

संध्याकाळी बाबा बाहेरून आले ते चप्पल न काढताच पायरीवर बसले. "युजीननं तुला नाय सांगितलं म्हने."

"बाबा, मला तेच हवं होतं."

"तू समजूतदार आहेस, म्हनून तसं बोलतेस." आणि ते उठून युजीनकडे गेले. तिथे ते काय बोलले कोण जाणे. बहुधा काहीच नाही, नुसते बसून राहिले असतील. अर्ध्या तासानं युजीन अंकल सायकलवरून आले. "जागृती, माझं बदल. वीसला होय. आनि दोन लिही, एक तुझ्या क्लेमेंटीन आंटीला किचनमध्ये."

म्हणजे आता साठ घरांची वीस रुपयांना मागणी एकसष्ट कंदिलांची झाली. किंमत चढल्यावर मागणी वाढलेली पाहून सर काय म्हणतील, हा विचार जागृतीनं मुद्दाम केला नाही.

रविवारी सातला वीज गेली. बाबा ओट्यावर येऊन बसले. आई, म्हणजे हंसा, आणि भागूबाई भिंतीला टेकून भिजलेले वाल सोलत होत्या. जागृती कंटाळून कोऱ्या फॉर्मनं वारा घेत होती. तेवढ्यात तिला सुचलं की बाबांच्या भिडेत न पडणारा गावात एकच माणूस आहे, तो म्हणजे बाबा. आपल्या घराला तिनं प्रश्न विचारलाच नव्हता.

"बाबा, तुमचा पण फॉर्म भरते. मला बरं वाटावं म्हणून नका सांगू. खरं सांगा. तीन रुपयांना कंदील घ्याल?"

बाबा म्हणाले, "नको."

"तीन रुपयांना?"

"फुकट दिलास तरी नको."

फॉर्मवर कारणासाठी एक ओळ होती. साठ फॉर्मांवर ती कोरीच होती. "का?"

"आता कसं सांगू." बाबांनी अंधारात वाल सोलण्याच्या आवाजाकडे पाहिलं. "वीज असली की तुझी आई आत मालिका बघते. गेली की बाहेर येऊन बसते. मंग आम्ही तीन तास बोलतो. पंचवीस वर्सांत एवढं बोललो नव्हतो."

"आम्ही कुठं?" हंसा म्हणाली. "मी बोलते. हे हूं हूं करतात."

"हूं," बाबा म्हणाले.

जागृतीनं विजेरीच्या उजेडात त्या एका ओळीत सगळं बारीक अक्षरात बसवलं. एक तरी खरा नकार मिळाला होता. त्या आनंदात, भागूबाई वाल अर्धवट टाकून कधी उठून गेली, हे तिच्या लक्षात आलं नाही.

सकाळी सहाला फाटकाशी माणसं उभी होती. सगळ्यात पुढे भागूबाई.

"माझं नाय लिही. तीन रुपयाला पन नाय."

"पण मावशी, तीनला तर तुला खरंच हवा होता."

"भाऊनी फुकट पन नको सांगितला. त्याला काय ठाऊक असेल तेव्हाच ना."

"डोळे बिघडतात म्हने," मागून कोणीतरी म्हणालं. "माझे दोन्ही कट कर," सायकलवरून न उतरताच युजीन अंकल म्हणाले.

गडबड ऐकून बाबा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. "अरे, मी माझ्यापुरतं बोललो."

"आमी पन आपापल्यापुरतंच बोलतो, भाऊ," भागूबाई म्हणाली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

साडेआठपर्यंत कोऱ्या फॉर्मांवर साठ नकार झाले. आलेखातली रेघ तशीच ताठ उभी होती, फक्त सरकून शून्यावर आली होती.

अकरा वाजता जागृतीनं दोन्ही गठ्ठे सरांच्या टेबलावर ठेवले, त्यांच्या मधे बाबांचा फॉर्म ठेवला आणि घडलं ते सगळं सांगितलं. सरांनी मधला फॉर्म दोनदा वाचला. दुसऱ्यांदा त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन वाचला.

"म्हणजे नमुना किती घरांचा धरायचा?"

"एका माणसाचा, सर."

"तसंच लिहा. शीर्षकातून किंमत काढा. आठ दिवस वाढवून देतो." सरांनी सही केली, पेनाचं टोपण लावलं, आणि जरा घुटमळून म्हणाले, "जागृती, विरारला आमच्या सोसायटीत गच्चीवर सौर बंब बसवायचा ठराव तीन वर्षं अडकलाय. चोवीस बिऱ्हाडं, चोवीस मतं. तुमचे वडील रविवारी मोकळे असतात का? त्यांनी काही बोलायला नको. नुसतं मीटिंगला येऊन बसले तरी चालेल."

जागृतीनं गठ्ठे उचलले.

"येतील, सर," ती म्हणाली. "फक्त वीज जायच्या आत त्यांना घरी पोचवा."