सर्व यंत्रांवर समान चालणारे बटण

आमच्या शाळेत तीन जातींचे संगणक आहेत आणि तिघांचं आपापसात पटत नाही. मुख्याध्यापकांचा चंदेरी, जावयाने भेट दिलेला. हेडक्लार्कचा करडा, सुरू होईपर्यंत एक डुलकी काढता येते असा. आणि प्रयोगशाळेतले काळे, ज्यांच्यातलं सगळं फुकट आहे हे संगणकाचे सर रोज नव्या अभिमानाने सांगतात.

अशा परिस्थितीत, मधल्या सुट्टीत वाचनालय उघडं ठेवायचं की ती खोली शाळा सुधारणा समितीच्या बैठकांना द्यायची, यावर विद्यार्थ्यांचं मत घ्यायचं ठरलं. वाचनालय सांभाळणाऱ्या पुस्तकमावशींचा चेहरा एवढासा झाला.

"मावशी, काळजीच सोडा!" मी म्हटलं. "पायथॉनमध्ये असा प्रोग्राम लिहिते, की तिन्ही यंत्रांवर पळेल. वाचनालय उघडं ठेवायला मुलं 'हो' दाबून दाबून बटण झिजवतील!"

लिहिलासुद्धा! एकच अडचण होती. चंदेरी यंत्रावर 'हो' उजवीकडे असायची रीत, करड्यावर डावीकडे. म्हणून मी एक चिमुकलं मदतनीस फंक्शन लिहिलं. ते आधी विचारायचं, बाबा रे, तू कुठलं यंत्र? मग त्याच्या सवयीप्रमाणे बटणं मांडायचं. जसा देश तसा वेश! स्वतःची पाठ थोपटताना माझा हात दुखला.

समितीला मात्र धक्का बसला.

"ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात," मुख्याध्यापक गंभीरपणे म्हणाले, "आणि तू यंत्राचं कूळ विचारतेस? या शाळेत भेदभाव चालणार नाही."

यंत्राला विचारणं रद्द झालं. आता 'हो' कुठे?

"उजवीकडे," मुख्याध्यापक म्हणाले.

"आमच्याकडे पहिल्यापासून डावीकडे आहे, साहेब," हेडक्लार्क म्हणाले. 'पहिल्यापासून' हा शब्द ते असा उच्चारतात, की पृथ्वी जरा नंतर आली असावी.

"एकाखाली एक ठेवा की," संगणकाचे सर म्हणाले.

"मग वर कोण?" मुख्याध्यापक आणि हेडक्लार्क एकदम म्हणाले.

वर कोण, हा प्रश्न आमच्या शाळेत बटणांच्याही आधीपासून प्रलंबित आहे.

अखेर सर्वानुमते तोडगा निघाला: बटण एकच ठेवावे. एकट्याला डावं-उजवं नसतं.

"पण सर, ज्याला 'नको' म्हणायचंय त्याने काय करायचं?"

"इतका नकारात्मक विचार कशाला, बाळ?" मुख्याध्यापक म्हणाले.

मी मनात टुणकन उडी मारली. उरलं ते 'हो', म्हणजे मावशी जिंकल्या! पण हेडक्लार्क कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

"उत्तर एकच असताना प्रश्न विचारणं ही मुलांची फसवणूक आहे," ते कळवळून म्हणाले. म्हणून प्रश्नही काढण्यात आला. त्या जागी वाक्य आलं, 'मधल्या सुट्टीत वाचनालय बंद राहील.' खाली बटण, 'ठीक आहे'. पडद्यावरची ही खिडकी मिटवायची फुली एका यंत्रावर डाव्या कोपऱ्यात, दुसऱ्यावर उजव्या. समानतेच्या तत्त्वानुसार तीही गेली.

"अहो सर, पण हे मतदान कुठे राहिलं?"

"सहभाग आहे ना! सहभाग महत्त्वाचा."

ही खिडकी रोजच्या हजेरीच्या पुढ्यात उभी करण्यात आली. ती हलल्याशिवाय हजेरी दिसेना. संध्याकाळपर्यंत निकाल लागला. अख्खी शाळा एकमुखाने सहमत! त्यात पुस्तकमावशीही.

"मावशी, तुम्हीसुद्धा?"

"अगं, जाईचना ती खिडकी," मावशी कपाटाला कुलूप लावत पुटपुटल्या. "तिच्यामागे माझी हजेरी अडकली होती. मला वाटलं, मी एकटीने दाबल्याने काय होतंय?"

माझा प्रोग्राम आता शाळेत सगळीकडे वापरतात. शुल्कवाढीला, गणवेश बदलायला, पालकसभेलासुद्धा. कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही विषयाला तेच उत्तर येतं. समितीने माझा सत्कार केला, वाचनालयाच्या रिकाम्या खोलीत. टाळ्या वाजवायला पालक होतेच. पालकसभेच्या खिडकीतलं बटण त्यांनीही न वाचता दाबलं होतं.

काय म्हणालात? "शी, काय ही शाळा, आमच्या वेळी असं नव्हतं"?

बरं, आज सकाळी तुमच्या फोनवर एक चौकट आली होती. मध्ये बराच मजकूर, खाली एक बटण. तुम्ही ते दाबलंत. वर काय लिहिलं होतं, सांगता?

ठीक आहे.