आधी वीट, मग खांब

आमचे गणपत मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला खांद्यानं धडक देत. अशी दणकून की आतली बाई घाबरून बाहेर येई. लग्नाच्या जेवणावळीत तेच, तहसील कचेरीत तेच. इतकंच काय, पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तिथंसुद्धा! ते स्थळ मोडलं. मिस्त्रींना त्याचं काहीच नाही. म्हणाले, "वरचं वजन कोन्तीबी भिंत सोसती, गुरुजी. आडवा धक्का खाऊन उभी ऱ्हायली तर खरी."

सिमेंट परमिटवर मिळायचं, तेव्हाची गोष्ट. मी झरीच्या शाळेत मास्तर. म्हाताऱ्या आईसाठी दोन पक्क्या खोल्या बांधायला काढल्या होत्या. मिस्त्रींचा हट्ट एकच, आधी वीट, मग खांब. भिंतीच्या कडेला एक वीट बाहेर, एक आत असे दाते सोडायचे आणि त्या दात्यांत काँक्रीट ओतून खांब करायचा. वरून चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा.

"बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवत्यात न्हवं, तसं. धक्का बसला की भिंत पळायला बघती. खांब सोडीत न्हाई."

पण परभणीच्या मेव्हण्यानं माझं डोकं फिरवलं. "दाजी, शहरात आधी खांब उभे करतात." मिस्त्री दोन दिवस चारठाण्याला गेले, तेवढ्यात मी शहाण्यानं चारी कोपऱ्यांचे खांब ओतून घेतले. सगळं सिमेंट त्यातच संपलं.

मिस्त्री आले. ओल्या खांबांकडं बघून म्हणाले, "फोडा."

"वेड लागलंय का? नवं परमिट मिळेस्तोवर पावसाळा येईल. आईनं पत्र्याखाली राहायचं?"

"ऱ्हाऊ द्या. पत्रा उडून जाईल. भिंत अंगावर येती."

माझं टाळकंच सरकलं. "एवढं शिकवताय, तुमच्या घराला तरी आहेत का असे खांब?"

मिस्त्री कधी नव्हे ते हळू बोलले. "घरच न्हाई, गुरुजी. भावाच्या ओसरीत ऱ्हातो. बांधलं हुतं मीच. खांब आधी, भिंती मागून भरल्या. लय वादळ झालं. खांब उभेच ऱ्हायले, मधली भिंत तेवढी आत पडली. आत पारू हुती, माझी बायको."

"मग पुन्हा नाही बांधलं?"

"कोनासाठी?"

मला माझीच लाज वाटली. शेजारच्या पत्र्याच्या खोलीतून आई सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, दोन्ही हातांनी घण ओढत आणला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.