टेमगिरे आणि चौकातली वीणा

नवरदेव घोड्यावर चढलेला असतो. बँडवाल्यांना नुकता सूर सापडलेला असतो. करवल्या केस सावरून नाचायच्या बेतात असतात. अशा ऐन वेळी करड्या गणवेशातला एक उंच, किडकिडीत माणूस घोड्याचा लगाम धरतो आणि नवरदेवाकडे ढुंकूनही न पाहता घोडेवाल्याला सांगतो, "हा पीस पुढं घ्या. मागं अजून पीस खोळंबलेत."

पीस म्हणजे नवरदेव.

बबनराव टेमगिऱ्यांशी माझी ओळख या पीसवरूनच झाली, आणि भांडणाने झाली. मी आळंदीत एका मंगल कार्यालयाचा मॅनेजर आहे. आमच्या गावात देवाच्या दर्शनाला जेवढी माणसं येतात तेवढीच लग्नालाही येतात, अशी आम्हा कार्यालयवाल्यांची समजूत आहे आणि ती आम्ही जपून ठेवली आहे. तेव्हा माझ्या गिऱ्हाइकाला, तेही बाशिंग बांधलेल्या गिऱ्हाइकाला, कोणी पीस म्हटलेलं मी का ऐकून घ्यावं? तरातरा चौकात गेलो आणि विचारलं, तुम्ही कोण? त्यांनी छातीवरचं कंपनीचं ओळखपत्र पुढे केलं. त्याची मुदत कधीच संपलेली होती.

"लाइन बगतो," ते म्हणाले.

कुठली लाइन, म्हटलं. त्यांनी मोशीकडून येणारा रस्ता दाखवला, तोच हात चौकावरून फिरवला आणि इंद्रायणीच्या घाटाकडे नेऊन सोडला. एवढंच उत्तर. मग वळून त्यांनी एका टेम्पोला मागे घ्यायला लावलं.

टेमगिरे मूळचे खेडकडचे. उभा जन्म चाकणच्या एका गाड्यांच्या कारखान्यात गेला. तिथे पट्ट्यावरून गाड्या एकीमागून एक सरकत येतात, कोणी दार बसवतं, कोणी चाक, आणि एक गाडी अडली की मागच्या सगळ्या अडतात. त्या लाइनीचे हे सुपरवायझर. निवृत्त झाल्यावर माणसं शेताकडे बघतात, नाहीतर गुडघ्यांकडे. टेमगिऱ्यांनी मोशीच्या घराला कुलूप लावलं, सकाळची बस पकडली आणि आमच्या चौकात येऊन उभे राहिले. बायको आधीच वारलेली. घरी थांबून करणार काय, असं आम्ही आपलं धरून चाललो.

त्यांच्या लेखी रस्ता ही लाइनच. भाविकांची जीप, एसटी, उसाच्या रसाची गाडी, फोनमधल्या नकाशावर विश्वास ठेवून भलत्याच गल्लीत शिरलेला चाकणचा कंटेनर, सगळे पीस. "लाइन थांबता कामा न्हाई" हे पालुपद. पंगतीत वाढपी गप्पा मारत रेंगाळला तर ते दारातून ओरडत, मठ्ठ्याची लाइन थांबलीया. लग्नसराईत त्यांचा ओव्हरटाइम. चहालासुद्धा ते बदली माणूस उभा केल्याशिवाय हलत नसत. एकदा मलाच उभं केलं. मी पाहता पाहता दोन बँड समोरासमोर आणून भिडवले आणि दोघांनीही मागे हटायला नकार दिला. टेमगिरे बशीतला चहा तसाच टाकून धावले. "ह्यो रिलीव्हर कच्चा हाय," एवढंच बोलले, पण ते सगळ्या चहावाल्यांसमोर बोलले.

आमच्या गावाचं दुखणं समजून घेतलं पाहिजे. कार्यालयं पुष्कळ आणि मुहूर्त एक. बाराच्या सुमाराचा मुहूर्त धरला की सगळे नवरदेव एकाच वेळी मारुतीच्या पाया पडायला निघतात, वाजतगाजत, आणि सगळे याच चौकातून. टेमगिऱ्यांनी काय केलं, तर सगळ्या बँडवाल्यांना चहाला बसवलं आणि गळी उतरवलं की लांबच्या कार्यालयाचा नवरदेव आधी, जवळचा नंतर. भटजींनी पंचांग सांगावं तसं ते रोज सकाळी कुठल्या नवरदेवाचा नंबर कधी ते सांगत फिरत. हळूहळू लोक ऐकायलाही लागले. त्यांची आणखी एक अट होती, आणि ती लाइनीपेक्षाही कडक होती. "अक्षता पडायच्या आत माणूस आत पायजे." मग तो माणूस कोणाचाही कोण असो.

एकदा लातूरकडच्या एका नवरीचे वृद्ध मामा चौकाच्या पार पलीकडे जीपमध्ये अडकले. मामाला चालवेना, जीप हलेना. तेवढ्यात दुसऱ्याच लग्नातला नवरदेव उतरवून रिकामा घोडा परत निघाला होता. टेमगिऱ्यांनी घोडेवाल्याला थांबवलं, दोघांना हाताशी घेऊन मामांना वर बसवलं आणि दिलं सोडून. मामा धोतर सावरत, देवाचं नाव घेत आमच्या दारात आले. आमचा बँडवाला दारातच होता. घोडा दिसल्याबरोबर त्याने जोरात वाजवायला सुरुवात केली आणि नवरीची आई ताट घेऊन ओवाळायला आली ती मामांना बघून तिथेच थिजली. पण मामा वेळेत पोचले. नवरीच्या मागे उभे राहिले. टेमगिरे खिडकीतून बघून गेले.

तर असं सगळं चाललेलं असताना गावाचं सुशोभीकरण निघालं. भिंतींवर संतांची चित्रं आली, खांबांना नवे दिवे आले, रस्त्याच्या कडेने तुळशीच्या कुंड्या आल्या. टेमगिऱ्यांची यातल्या कशालाच हरकत नव्हती. फक्त एका भिंतीवर रंगवलेल्या रेड्याची शेपटी 'प्रवेश बंद'च्या पाटीवर आली होती, ती त्यांनी पेंटरच्या मागे लागून आखूड करून घेतली. बस जिथे वळते तिथली कुंडी रोज सकाळी स्वतः उचलून आत सरकवायचे. ठेकेदाराची माणसं ती पुन्हा बाहेर ठेवायची. तुळस बिचारी त्या येण्याजाण्याने खंगली.

मग जाहीर झालं की चौकाच्या मधोमध दगडी वीणा बसणार. चांगली पुरुषभर उंच, भोवती कारंजं. आम्ही कार्यालयवाले हरखलो. नवरा-नवरीचे फोटो काढायला यापेक्षा चांगली जागा कुठली? मी तर दोन गिऱ्हाइकांना आधीच शब्द देऊन बसलो. एकट्या टेमगिऱ्यांनी मान हलवली. म्हणाले, वीणा झकास हाय, जागा चुकलीया. आम्ही म्हटलं, तुम्ही मोशीचे, आमच्या चौकात कशाला पडता?

पण त्या कामावरच्या इंजिनिअर मॅडम ऐकून घेणाऱ्या निघाल्या. तरुण होत्या, डोक्यावर हेल्मेट घालून उन्हात उभ्या राहायच्या. टेमगिऱ्यांनी त्यांना सांगितलं की कारखान्यात नवं मशीन आणायच्या आधी त्याच्या मापाची जागा जमिनीवर आखतात आणि दिवसभर त्याला वळसा घालून काम करून बघतात. मॅडम म्हणाल्या, घ्या ट्रायल. आणि लग्नाच्या दाट तिथीला सकाळी सकाळी टेमगिऱ्यांनी चौकाच्या मधोमध फक्कीने, म्हणजे मैदानावर आखतात त्या पांढऱ्या भुकटीने, एक मोठं वर्तुळ आखलं.

कारखान्यात ते चाललं असतं. आळंदीत जमिनीवर पांढरं वर्तुळ दिसल्यावर लोक त्याला मशीनची जागा समजतील, हे फक्त असेंब्ली लाइनवर जन्म काढलेल्या माणसालाच वाटू शकतं. पहिल्या म्हातारीने चपला काढून बाहेर ठेवल्या. दुसरीने आतली माती कपाळाला लावली. कोणीतरी नारळ फोडला. पहिला नवरदेव आला तेव्हा तिथे रिंगण तयारच होतं. घोडेवाल्याला राहवेना, त्याने लगाम सैल सोडला आणि घोडा नवरदेवासकट गोल पळायला लागला. बँडवाल्याने सिनेमाचं गाणं अर्ध्यात टाकून गजर धरला. बायका फुगड्या घालायला लागल्या. तोवर दुसरा नवरदेव आला, आमच्याही घोड्याला फेरी मिळाली पाहिजे म्हणून त्याचे लोक अडून बसले. चारी बाजूंनी गाड्या तुंबल्या. टेमगिरे मधोमध उभे राहून सांगत होते की हे रिंगण न्हाई, ट्रायल हाय. मधोमध उभे आहेत म्हणून एक बाई त्यांच्याच पाया पडली.

मी कार्यालयाच्या गच्चीवरून बघत होतो आणि हसून हसून माझं पोट दुखायला आलं होतं. मग खाली मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझं हसू थांबलं. त्या दिवशी आमच्याकडे जी नवरी होती तिचा एकुलता एक भाऊ हिंजवडीहून निघालेला होता आणि तो याच कोंडीत होता. पोरगी अंतरपाटाच्या वरून सारखी दाराकडे बघत होती. भटजींनी एक मंगलाष्टक जास्तीचं म्हटलं, त्याहून जास्त त्यांना लांबवता येईना. अक्षता पडल्या. भाऊ आला तो जेवणाची पानं मांडताना आला.

टेमगिऱ्यांना कोणीतरी हे सांगितलं. ते आमच्या कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसले. कामाच्या वेळात त्यांना खाली बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मॅडमही कोंडीतून वाट काढत तिथे पोचल्या. त्या रागवायला आल्या नव्हत्या. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "काका, तुमचं या गावात घर नाही, कोणी नातेवाईक नाही. तुम्ही एवढा जीव का आटवता?"

टेमगिऱ्यांनी गणवेशावरची फक्की झटकली. मग म्हणाले, "माझ्या पोरीचं लगीन ह्याच कार्यालयात झालं."

ते मलाही नवीन होतं. मुलगी हिंजवडीत नोकरीला. तिथेच काम करणाऱ्या नांदेडकडच्या एका मुलाशी तिचं जमलं. टेमगिऱ्यांना ते पसंत नव्हतं आणि त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पोरीने लग्न आळंदीत ठरवलं आणि त्याच सकाळी बापाला फोन केला, पप्पा, या. टेमगिऱ्यांनी उभ्या नोकरीत पहिल्यांदा चालू शिफ्टमध्ये लाइन सोडली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. या चौकात येऊन अडकले. कार्यालय समोर दिसत होतं. गाडी तिथेच टाकून पायी निघाले असते तर पोचले असते. पण समोर गुंता दिसला आणि हातांना सवय. वाटलं, आधी हे मोकळं करावं. उतरले, बस मागे घ्यायला लावली, जीप पुढे काढली. चौक वाहता झाला. आणि त्या वाहत्या चौकातून निघालेल्या गाड्यांत एक फुलांची गाडी होती, त्यात लग्न लागून सासरी निघालेली त्यांची मुलगी होती.

"तिनं बगितलं मला," ते म्हणाले. "बाप चौकापत्तूर आला, लोकांच्या गाड्या काढत बसला, पर आत न्हाई आला. असंच वाटलं तिला. वाटणारच की, मॅडम."

मॅडमनी नकाशाची गुंडाळी उलगडली, चौकातलं वर्तुळ खोडलं आणि घाटाजवळ वाहनतळाच्या कडेला नवं काढलं. टेमगिऱ्यांवर दया येऊन नव्हे. म्हणाल्या, फक्कीच्या रेघेवर ही गत, तर खरी वीणा बसल्यावर इथून घोडा बाहेरच पडायचा नाही. आज वीणा तिथे घाटाशी उभी आहे, फोटो तिथेही चांगले येतात, आणि चौकात फक्त सरळ पांढरे पट्टे आहेत. मी शब्द दिलेली दोन्ही गिऱ्हाइकं तिथे चालत गेली आणि काही बिघडलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी टेमगिरे माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. मुलगी वाकडला राहते, फोन उचलते, बरी आहे म्हणते आणि ठेवते, असं सांगितलं. त्या दिवसाचं त्यांनी तिला कधीच सांगितलेलं नव्हतं.

"मी सांगितलं तर म्हणंल, आता सारवासारव करतोय. तुमी तवा हितं व्हता मॅनेजर. तुमी सांगा."

त्यांनी नंबर लावून फोन माझ्या हातात दिला आणि पाठ करून व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी जेवढं त्या पायरीवर ऐकलं होतं तेवढं सगळं सांगितलं. चौक, बस, जीप, फुलांची गाडी. तिने विचारलं, "ते त्या दिवशी जेवले होते का?"

आणि माझ्या डोळ्यांसमोर तो दिवस लख्ख उभा राहिला. मंडप उतरवत होते. आचारी आणि वाढपी शेवटच्या पंगतीला बसले होते. करड्या गणवेशातला एक माणूस आत आला, रिकाम्या स्टेजकडे बघत थोडा वेळ उभा राहिला आणि त्यांच्यात येऊन बसला. मुलाकडच्या गाडीचा ड्रायव्हर असेल असं मी धरून चाललो.

"जेवले," मी म्हटलं. "आमच्या आचाऱ्यांबरोबर बसले होते. जिलेबी मागून घेतली. आणि जाताना दारात उभं राहून त्यांनी आचाऱ्यांना, वाढप्यांना, झाडणाऱ्या बाईला, मला, सगळ्यांना हात जोडले. म्हणाले, काही कमी-जास्त झालं असंल तर सांभाळून घ्या."

मुलीचा बापच हे बोलतो, दुसरं कोणी बोलत नाही, हे माझ्यासारख्या मॅनेजरच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पण आत्ता ते तिच्या लक्षात आलं. ती रडत होती.

थोड्या वेळाने तिने नाक ओढलं आणि विचारलं, रविवारी पप्पा तिथे असतात का?

असतात म्हटलं. तुम्ही नवरा-बायको दोघंही जेवायलाच या. पंगत आमच्याकडे असतेच.